एल एस्कोरिअल: राजाची खोली वेदीच्या भिंतीला का लागून आहे?

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा: "प्रबोधनकाळातल्या राजांनी एवढी प्रचंड धार्मिक बांधकामं केली. त्यात खरी श्रद्धा किती आणि सत्तेचं प्रदर्शन किती? श्रद्धा हा सत्तेचा बुरखा होता असं म्हणता येईल का?"

माझं मत आधीच सांगतो. बुरखा म्हणून चालणार नाही. बुरखा म्हटलं की तो बाजूला सारता येतो आणि खाली खरा चेहरा दिसतो, असं आपण धरून चालतो. या काळातल्या ज्या इमारतीत हा प्रश्न सर्वांत टोकाला जातो, त्या स्पेनमधल्या एल एस्कोरिअलमध्ये श्रद्धा बाजूला काढायला गेलात तर इमारतच उरत नाही. पायापासून कौलापर्यंतचे निर्णय श्रद्धेने घेतलेले आहेत, आणि म्हणूनच ती सत्तेची इतकी जबरदस्त इमारत झाली आहे. जुन्या दगडी इमारतींच्या डागडुजीत माझी तीस वर्षं गेली. त्या सवयीने मी दर्शनी भागाकडे शेवटी बघतो. आधी नकाशा, मग छेद (इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्याचं चित्र), मग दगड कुठून आला ते. या प्रश्नाचं उत्तरही त्याच वाटेने मिळतं.

जागा अशी आहे. माद्रिदच्या वायव्येला सुमारे 45 किलोमीटरवर ग्वादर्रामा डोंगररांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर ही इमारत आहे. साधारण 207 मीटर लांब, 161 मीटर रुंद. सगळी करड्या ग्रॅनाइटची, छपरं स्लेटची. आत राजवाडा, मठ, चर्च, ग्रंथालय, पाठशाळा आणि राजघराण्याचं दफनस्थान, सगळं एकाच कोटात. बांधणारा राजा फिलिप दुसरा. पायाचा दगड 23 एप्रिल 1563 ला बसला, शेवटचा 13 सप्टेंबर 1584 ला. एवढ्या आकाराचं काम एकवीस वर्षांत, एकाच राजाच्या हयातीत पुरं होणं हेच त्या काळी नवल होतं. रोमचं सेंट पीटर्स 1506 ला सुरू झालं आणि तिथे पोपमागून पोप गेले तरी काम चालूच होतं.

सुरुवात दोन घटनांपासून होते. 10 ऑगस्ट 1557 ला उत्तर फ्रान्समधल्या सान किंतिनच्या लढाईत फिलिपच्या फौजेने फ्रेंचांचा दणदणीत पराभव केला. तो दिवस संत लॉरेन्सच्या सणाचा. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1558 मध्ये फिलिपचे वडील, सम्राट चार्ल्स पाचवा, स्पेनमधल्या युस्तेच्या मठात वारले. आपलं कायमचं दफन कुठे करायचं हे त्यांनी मुलावर सोपवलं होतं. पाठ्यपुस्तकं पहिल्या घटनेवर भर देतात आणि एस्कोरिअल हे विजयस्मारक होऊन जातं. पण राजाने 22 एप्रिल 1567 ला दिलेली स्थापनेची सनद वाचली की क्रम वेगळा दिसतो. देवाचे उपकार, आपल्या राज्यांत श्रद्धा टिकून राहावी ही इच्छा, आईवडिलांचं दफन, आणि त्यांच्या आत्म्यांसाठी अखंड प्रार्थना. विजयाचा उल्लेख आहे, पण तो संताच्या सणाच्या ओघात येतो. म्हणजे या इमारतीला रोजचं एक काम नेमून दिलं होतं: मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं. ते करायला जेरोनिमो या कॅथलिक पंथाचे मठवासी आणून बसवले.

हे काम इमारतीला किती खोलवर घडवतं ते पाहा. मूळ आराखडा हुआन बाउतिस्ता दे तोलेदो याचा. तो रोमला मायकेलअँजेलोच्या हाताखाली सेंट पीटर्सवर काम करून आलेला. त्याच्या आराखड्यात पुढचा अर्धा भाग मागच्यापेक्षा बुटका होता. मग 1564 मध्ये राजाने ठरवलं की मठवासी 50 नकोत, 100 हवेत. पाया तर घातलेला. जागा कुठून आणायची? पुढच्या भागावर मजला चढवला आणि कंगणी, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली दगडी कड, सगळीकडे एका पातळीत आली. आज एस्कोरिअलकडे लांबून पाहताना डोळ्यांत भरते ती हीच अखंड आडवी रेषा. तिच्यावर 'सत्तेची कठोर शिस्त' वगैरे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ती रेषा आली प्रार्थना करणाऱ्यांची संख्या दुप्पट झाल्यामुळे. प्रबंधात ही एवढी एक गोष्ट नीट मांडलीत तरी अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

तोलेदो 1567 मध्ये वारला. पुढे सूत्रं हळूहळू हुआन दे एरेराच्या हाती आली, आणि त्याच्या नावावरून स्पेनमधल्या या निर्लेप, कोऱ्या शैलीला नावच पडलं. एरेरा मुळात गणित आणि यंत्रांचा माणूस. दगड वर चढवायला त्याने उभारलेल्या लाकडी याऱ्या बघायला लोक येत. पण त्याचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय याऱ्यांचा नाही, छन्नीच्या आवाजाचा आहे.

तोवरची रीत अशी की खाणीतून ओबडधोबड दगड गाडीने यायचा आणि पाथरवट तो जागेवर घडवायचे. एरेराने सांगितलं की चिरा खाणीतच पूर्ण घडवा, मापात आणा, इथे फक्त बसवा. ज्याने दगडाचं काम केलंय त्याला यातली जोखीम लगेच कळेल. जागेवर घडवताना चूक झाली तर तिथल्या तिथे चार टाके मारून जुळवता येते. खाणीत घडवायचं म्हणजे प्रत्येक चिऱ्याचं माप आधीच कागदावर पक्कं हवं, आणि ओळंब्यात सुताएवढाही फरक चालत नाही. पाथरवटांनी कुरकुर केली. पण वाहतुकीचं वजन घटलं आणि काम झपाट्याने पुढे गेलं. मठाचा इतिहासकार होसे दे सिग्वेन्सा लिहितो की चर्चच्या कामावर छन्नी-हातोड्याचा आवाजच थांबला. हे लिहिताना त्याच्या मनात बायबलमधला प्रसंग आहे. शलमोनाने यरुशलेमला मंदिर बांधलं तेव्हा दगड खाणीतच तयार करून आणले, आणि मंदिराच्या जागी हातोड्याचा की कुऱ्हाडीचा आवाज ऐकू आला नाही, असं पहिल्या राजांच्या पुस्तकात आहे. कामाची सोय आणि धर्मग्रंथातलं चित्र इथे एकाच दगडात आहेत. एरेराने हिशोब पाहून निर्णय घेतला की शलमोन आठवून? माझ्या मते त्या माणसांच्या मनात हे दोन कप्पे वेगळे नव्हतेच.

शलमोनाचा धागा पुढे उघडच दिसतो. मुख्य दारातून आत गेलं की राजांचा चौक लागतो. समोर चर्चचं तोंड, आणि त्यावर सहा राजांचे प्रचंड पुतळे: यहोशाफाट, हिज्कीया, दावीद, शलमोन, योशीया, मनश्शे. हुआन बाउतिस्ता मोनेग्रोने ते घडवले. अंग ग्रॅनाइटचं, चेहरा आणि हात पांढऱ्या संगमरवराचे. हे सगळे यहूदाचे राजे, मंदिराशी नातं असलेले. कोणी बांधलं, कोणी शुद्ध केलं, कोणी डागडुजी केली. मधोमध दावीद आणि शलमोन. दावीद लढवय्या, त्याला मंदिर बांधायचं होतं, पण ते भाग्य मुलाच्या वाट्याला आलं. युरोपभर घोड्यावर फिरलेला चार्ल्स आणि टेबलाशी बसून राज्य करणारा फिलिप ज्याला माहीत होते, त्या माणसाला या जोडीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. शिवाय फिलिपच्या बिरुदांत 'यरुशलेमचा राजा' हे बिरुदही होतं.

शेगडीच्या गोष्टीबद्दलही तुम्ही नक्की वाचलं असेल. संत लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजून मारलं, म्हणून इमारतीचा नकाशा जाळीसारखा, चार कोपऱ्यांचे मनोरे हे जाळीचे पाय आणि मागे निघालेला राजवाड्याचा भाग ही मूठ. गोष्ट लक्षात राहते, आणि जाळीचं चिन्ह दाराच्या वर कोरलेलंही आहे. पण आराखड्याचा उगम म्हणून मी ती मानत नाही. चौकांची अशी मांडणी त्या काळच्या मोठ्या इस्पितळांत आणि मठांत रूढ होती. मिलानचं मोठं इस्पितळ शंभर वर्षं आधी अशाच काटकोनी चौकांवर उभं राहिलं होतं. नकाशा जमल्यावर लोकांना त्यात जाळी दिसली, असं मला वाटतं. दिसली याचा मात्र मान ठेवायला हवा. श्रद्धाळू डोळा असाच चालतो.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे, म्हणजे राजाच्या निजायच्या खोलीकडे.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा नोव्हेंबर होता आणि ग्रॅनाइटचा गारठा बुटांच्या तळव्यातून वर चढत होता. चर्चमध्ये शिरताना आधी डोक्यावर एक सपाट दगडी छत येतं. कमान नाही, घुमटी नाही; दगड एकमेकांत अडकून जवळजवळ आडवेच तोलून राहिले आहेत. सामान्य लोकांनी थांबायची जागा ही. त्यापुढचा भाग राजघराण्याचा आणि मठवासींचा, मध्ये जाळीची दारं. त्या छताखालून पुढे गेलात की एकदम नव्वद मीटरहून उंच घुमट उघडतो आणि मान आपोआप मागे जाते. समोर एरेराने रचलेली वेदीमागची प्रचंड भिंत, रंगीत दगड आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्यमूर्ती. डावी-उजवीकडे वर, पॉम्पेओ लेओनीने कांस्यात ओतलेले राजघराण्याच्या पुतळ्यांचे दोन गट, गुडघे टेकून वेदीकडे तोंड केलेले. एकीकडे चार्ल्स, पत्नी, मुलगी आणि दोन बहिणी. दुसरीकडे फिलिप, त्याच्या तीन राण्या आणि मुलगा कार्लोस. दुसरी पत्नी, इंग्लंडची मेरी, त्यात नाही. त्यांच्या झग्यांवर कुळांची चिन्हं रंगीत दगडांनी जडवलेली आहेत. चार्ल्सच्या बाजूला काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडल्या आणि तिथे लॅटिनमध्ये कोरलं की वंशजांपैकी कोणी पराक्रमात चार्ल्सला मागे टाकलं तर त्यानेच ही जागा घ्यावी, इतरांनी आदराने दूर राहावं. जागा आजही मोकळी आहे.

या सगळ्या झगमगाटानंतर राजाच्या दालनात जा. वेदीला मागून कवेत घेणारा राजवाड्याचा भाग आहे, आणि राजाची खोली वेदीच्या थेट बगलेला. भिंती पांढऱ्या, चुन्याच्या. खाली तालावेरा गावच्या निळ्या-पांढऱ्या फरशांचा पट्टा. जमीन भाजलेल्या मातीच्या लाद्यांची. पलंगाची जागा इतकी लहान की आपल्याकडच्या एखाद्या सुखवस्तू सावकाराच्या वाड्यातली माजघरालगतची खोली मोठी वाटावी. आणि तिथून एक झरोका थेट चर्चमध्ये उघडतो. पलंगावर पडल्या पडल्या वेदी दिसते, प्रार्थना ऐकू येते. ही कल्पना फिलिपच्या वडिलांची. युस्तेला चार्ल्सने स्वतःसाठी अशीच खोली करून घेतली होती.

तेव्हा अर्ध्या जगावर राज्य करणारा माणूस आपल्या घरातली सर्वांत चांगली जागा देवाला देतो आणि स्वतः पाठीमागच्या छोट्या खोलीत राहतो. हा नम्रपणा खोटा नाही. जून 1598 च्या अखेरीस संधिवाताने जखडलेल्या फिलिपला खुर्चीत बसवून माद्रिदहून इथे आणलं. याच खोलीत आठवडेच्या आठवडे तो असह्य दुखण्यात पडून होता. संतांचे पवित्र अवशेष जवळ आणवून घेत होता, आणि वडिलांनी मरताना हातात धरलेला क्रूस धरून 13 सप्टेंबरच्या पहाटे त्याने प्राण सोडला. बरोबर चौदा वर्षांपूर्वी त्याच तारखेला इमारतीचा शेवटचा दगड बसला होता. नुसत्या प्रदर्शनासाठी कोणी मरण असं आखून ठेवत नाही.

पण तोच झरोका दुसऱ्या बाजूनेही वाचा. तिथून वेदी पाहण्याचा मान साऱ्या राज्यात एकाच माणसाच्या घराण्याला आहे. सरदार, वकील, गावकरी, सगळे वेदीपासून मोजून ठेवलेल्या अंतरावर. राजा नजरेस पडत नाही, पण तो भिंतीपलीकडे आहे, देवाच्या सर्वांत जवळ, हे प्रत्येकाला माहीत आहे. राजाने स्वतःला लहान केलं तेही देवापुढे, आणि त्या एका कृतीने तो बाकी सगळ्यांच्या वर गेला. म्हणून मी म्हणतो की श्रद्धा आणि सत्ता यांची टक्केवारी काढू नका. नकाशावर त्या दोघींना भिंत एकच आहे.

वडिलांशी तुलना केलीत तर हे आणखी उठून दिसेल. चार्ल्सने 1527 पासून ग्रानाडाला, अलहाम्ब्रा या तिथल्या सुलतानांच्या किल्ल्यातल्या राजवाड्याच्या आवारात, पेद्रो माचुकाकडून राजवाडा बांधायला घेतला. चौकोनी इमारत, पोटात पूर्ण गोल चौक, सगळं रोमन सम्राटाच्या थाटाचं. जिंकलेल्या सुलतानाच्या घरात आपलं घर उभं करण्याची ती भाषा आहे. राजवाडा पुरा झाला नाही. शतकानुशतकं छपराविना राहिला. मुलाने सम्राटाची भाषा सोडली आणि मठाची घेतली. मधल्या काळात युरोपात ख्रिस्ती धर्म कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा फुटला होता. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर 1563 मध्ये, म्हणजे एस्कोरिअलचा पाया घातल्यावर काही महिन्यांतच, संतांच्या प्रतिमा आणि अवशेष यांची पूजा योग्य ठरवली. प्रोटेस्टंट जे फेकून देत होते ते फिलिप जमवत होता. अवशेषांचा संग्रह सात हजारांच्या वर गेला. चित्रांबाबतही त्याचा आग्रह होता की ती पाहून प्रार्थना करावीशी वाटली पाहिजे. एल ग्रेकोने संत मॉरिसच्या हौतात्म्याचं चित्र काढलं, ते राजाला वेदीसाठी पटलं नाही. मॉरिस शिरच्छेदाला सामोरा जातो तो प्रसंग मागे कोपऱ्यात गेला होता. पैसे दिले, पण वेदीवर दुसऱ्या चित्रकाराचं चित्र लागलं. मला स्वतःला एल ग्रेकोचं चित्र कितीतरी मोठं वाटतं. तरी राजाचं म्हणणं समजतं. वेदीसमोर गुडघे टेकलेल्या माणसाला हुतात्मा शोधत बसावं लागू नये.

प्रबंधात पैशाचं प्रकरण गाळू नका. खर्च पन्नास लाख डुकाटांच्या (त्या काळच्या चलनाच्या) वर गेला. याच काळात, 1575 मध्ये, राजाच्या तिजोरीने सावकारांची देणी थांबवली. भार पडला कास्तिलच्या, म्हणजे स्पेनच्या मध्यवर्ती राज्याच्या, करदात्यांवर. 1577 च्या सुमारास रात्री बांधकामावर एक काळा कुत्रा भेसूर ओरडत फिरतो अशी आवई उठली, आणि लोक म्हणू लागले की तो करांनी पिचलेल्या रयतेचा आक्रोश आहे. त्याच वर्षी जुलैत वीज पडून एक मनोरा जळाला. मठवासींनी शेवटी कुत्रा पकडला, तर तो एका सरदाराचा चुकलेला शिकारी कुत्रा निघाला. त्याला फासावर देऊन सगळ्यांना दिसेल असं लटकवून ठेवलं. ही हकीकत सिग्वेन्साच सांगतो, मठाचाच माणूस. म्हणजे सामान्य माणसंही ही इमारत श्रद्धेच्याच भाषेत वाचत होती, फक्त त्यांना ऐकू येणारा संदेश उलटा होता.

तुम्हाला प्रत्यक्ष पाहण्यासाठी जवळचं काही हवं असेल तर जुन्या गोव्याला जा. 1580 पासून 1640 पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडेच होता, म्हणजे एस्कोरिअलच्या त्या खोलीत झोपणारा माणूस गोव्याचाही राजा होता. तिथलं से कॅथेड्रल संत कॅथरीनचं, कारण पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 ला, तिच्या सणादिवशी, गोवा घेतलं. लढाई, तारीख, संत आणि त्यातून उभं राहिलेलं चर्च, हा सान किंतिनचाच क्रम. कॅथेड्रलचं काम 1562 ला, एस्कोरिअलच्या आदल्या वर्षी, सुरू झालं. त्यामुळे एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं लिहू नका. पोर्तुगालची स्वतःची साधी, कोरी शैली तेव्हा होतीच. फरक दगडातून कळतो. शेजारचं बॉम जेझूस चर्च 1594 ते 1605 मध्ये बांधलं. त्याचं अंग स्थानिक जांभ्याचं, पण जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून खांब आणि नक्षीसाठी काळा बेसाल्ट वसईहून गलबतांनी आणला. राजा हजारो मैलांवर, आणि त्याच्या देवाच्या घराचा दगड आपल्या उत्तर कोकणातला.

शेवटी एक काम सांगतो. 1589 मध्ये एरेराने एस्कोरिअलचे नकाशे आणि छेद पेद्रो पेरेतकडून तांब्यावर कोरून छापवले. त्यांच्या प्रती आज सहज पाहायला मिळतात. तळमजल्याचा नकाशा मोठा करून छापा. राजाच्या पलंगावर पेन्सिल टेकवा आणि झरोक्यातून वेदीपर्यंत रेघ ओढा. मग छेदाचा कागद शेजारी ठेवा आणि वेदीखाली उतरा. तिथे दफनाचं दालन आहे. 1574 मध्ये, चर्च अर्धवट असतानाच, चार्ल्सची शवपेटी युस्तेहून एस्कोरिअलला आणली होती, आणि 1654 मध्ये नातवाच्या मुलाने, फिलिप चौथ्याने, हे संगमरवरी दालन पुरं करून तिला कायमची जागा दिली. पलंग, वेदी आणि पेटी यांच्यामधली अंतरं पट्टीने मोजा, आणि मग प्रबंधाचं पहिलं वाक्य लिहा.